शुक्रवार सोडून कुठलाही वार

पहिली बैठक शुक्रवारी ठेवली होती.
म्हापशात, शुक्रवारी!
साठ खुर्च्या मांडल्या मी, चहा साठांचा सांगितला.
आले अकरा. त्यातले सात निवृत्त,
एक चुकून, जन्मदाखल्याची रांग समजून.
खाली बाजार उतू चाललेला
आणि वर वास्तुविशारद बाई पडद्यावर
रिकामा चौक दाखवत होत्या :
"इथे लोकांना परत आणायचं आहे."

मी पालिकेतला कारकून. टिपणं घेणं माझ्याकडे.
लिहून घेतलं : इथे लोकांना परत आणायचं आहे.
मग उठून खिडकी लावली,
गलका फार होता.

दुसरी बैठक मंगळवारी, केळ्यांच्या ओळीच्या टोकाला.
टेबल नाही. दस्तगीरने कांद्याचे रिकामे क्रेट दिले,
त्यावर फळी, फळीवर शहर पसरलं,
आणि चार कोपऱ्यांवर त्याचीच वजनं :
किलो, अर्धा, पाव, आणि एक धोंडा
(तोही पावच, शपथ घेतो तो).

पेर्पेतीन आली, चोरिसांच्या माळा हातात तशाच.
"ह्यांत हांव खंय?"
बाई गाळे मोजू लागल्या. तिला गाळा नाही.
ती बसते वळचणीला,
बत्तीस आणि तेहतीसच्या मधल्या रेघेवर.
नकाशात ती रेघ केसाएवढी.
एकोणतीस वर्षं केसावर बसलेली बाई
पेन्सिल मागून घेते,
ठिपका नाही काढत,
पाट काढते. चौकोनी, ऐसपैस,
चारही पाय दिसतील असा.

बाबुसो पायलटला पेन्सिल नको होती.
त्याने हेल्मेट काढून नकाशावर पालथं घातलं :
"एवढी सावली द्या स्टँडाक. चड नाका."
बाईंनी प्रमाण लावून पाहिलं.
हेल्मेटखाली अख्खी पालिका गेली होती.

मणी विकणारी गंगव्वा लांबूनच बोलली,
"झाडं लावा, बाकडी लावा,
आधी मुतायला कुठं जायचं ते काढा."
मी लिहिलं : महिला प्रसाधन सुविधा.
मग खोडलं,
आणि तिचंच वाक्य लिहिलं, जसंच्या तसं.
सरकारी शाईने असा शब्द लिहिताना
हात एकदा थांबला, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी बाई पणजीला गेल्या, चिठ्ठ्या माझ्या हवाली.
नदीकडून वारा आला शेडमध्ये
आणि सगळी मतं उडाली.
काही केळ्यांच्या घडांत, काही मासळीच्या ओल्यात.
एक तर कुत्र्याच्या पाठीला चिकटून
बसस्टँडपर्यंत गेली. (ती पार्किंगची होती.)
मी आणि दस्तगीरचा धाकटा मोबाइलच्या उजेडात
एकेक पुसून पुन्हा लावत बसलो, आठवेल तिथे.

नकाशाच्या मधोमध एक कारंजं होतं.
ते कुणी मागितलं नव्हतं,
छापूनच आलं होतं.
गंगव्वाची चिठ्ठी माझ्या हातून त्याच्यावर बसली.
चूक लगेच कळली.
डिंक ओला होता, काढता आली असती.
धाकट्याने माझ्याकडे पाहिलं,
मी पुढची चिठ्ठी उचलली.

अहवाल वर गेला आहे. एकशे बारा पानं.
कारंज्याबद्दल अजून कुणी काही विचारलेलं नाही.
दर वेळी फोन वाजला की वाटतं,
विचारतील.

परवा, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत उतरलो बाजारात.
काही झालेलं नाही. गटार तिथेच, ऊन तिथेच,
बाबुसो सीटवर गोणपाट टाकून उभा.
फक्त पेर्पेतीनचा पाट
बत्तीस-तेहतीसच्या रेघेवरून
दीड वीत पुढे आलेला.
मी थांबलो. पालिकेचा माणूस, नजर गेलीच.

माळ मोजता मोजता, मान वर न करता, ती म्हणाली,
"नकाशांत आसा."